ताट द्या, पण पाट राखा

मृत्युपत्र हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्याकडे बायका पदर तोंडाला लावतात. "अगं, भरल्या घरात असलं काय अभद्र बोलतेस?" "अजून आम्ही काही वर चाललो नाही हं!" बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला की पहिली पाच-दहा मिनिटं हेच चालतं. मग मागच्या रांगेतून एखादी हळूच विचारते, "ताई, पण घर माझ्या नावावर नाहीच, मी काय लिहू?" तिच्या शेजारची म्हणते, "माझ्या नावावर होतं बाई. गेल्या वर्षी मुलाच्या नावावर करून दिलं. आता म्हटलं सुटले!" आणि मग खरी बैठक सुरू होते.

"सुटले" हा शब्द मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकला आहे, की तो ऐकला की माझ्या पोटात गोळाच येतो. कारण सुटलेल्यांपैकी काही जणी दोन-तीन वर्षांनी मला परत भेटतात. घर देऊन मोकळ्या झालेल्या एका निवृत्त मास्तरांच्या पत्नीची गोष्ट सांगते. गावातलं तीन खोल्यांचं घर, मागे परसदार, हे मास्तरांनी आयुष्यभराच्या पगारातून बांधलेलं. मास्तर जाताना घर बायकोच्या नावावर ठेवून गेले, हे त्यांचं मोठेपण. पुढे दोन वर्षांत मुलगा म्हणाला, "आई, पुढे कटकट नको, बक्षीसपत्र करून टाकू. खर्चही नाही फारसा." काकूंनी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन अंगठा दिला, फोटो काढला, येताना पेढे वाटले. आधी त्यांची खाट माजघरातून पडवीत आली. मग देवघर वरच्या मजल्यावर गेलं, गुडघे दुखत असल्याने यांना वर चढता येईना. चष्म्याची काच बदलायची तर सुनेकडे हात पसरायचा. कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण मला म्हणाल्या, "ताई, माझ्याच घरात मी पाहुणी झाले गं. आणि पाहुणीला तरी जायचा दिवस ठरलेला असतो."

आता मुलगा वाईट आहे का? मला तसं वाटत नाही. सगळ्या मुलांना आणि सुनांना खलनायक ठरवायची आपल्या मालिकांची रीत मला मुळीच मान्य नाही. त्या काकूंची सून सकाळी सहाला उठून डबे करते आणि दिवसभर दुकानात बसते. चूक झाली ती कागदात. म्हातारपणात हातात ठेवायची एकच किल्ली असते, ती त्यांनी आधीच देऊन टाकली.

आपल्या आज्या म्हणायच्या, समोरचं ताट खुशाल द्यावं, बसायचा पाट देऊ नये. नटसम्राट नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं. त्यातले बेलवलकर सगळं मुलांना वाटून मोकळे होतात आणि पुढे त्यांचं काय होतं, हे महाराष्ट्रानं पन्नास वर्षं रडत रडत पाहिलं आहे. नाटक पाहून डोळे पुसायचे आणि दुसऱ्याच दिवशी बक्षीसपत्रावर सही करायची, असे आपण!

तर मुळात हे दोन कागद वेगळे आहेत, हे नीट समजून घेऊ या. बक्षीसपत्र म्हणजे आज, आत्ता देणं. नोंदणी झाली की घर त्याचं. उद्या मन बदललं म्हणून तुम्ही एकटीनं जाऊन ते रद्द करू शकत नाही. मृत्युपत्र म्हणजे माझ्यानंतर द्यायचं. ते आज लिहिलं तरी माझ्या शेवटच्या श्वासापर्यंत घर माझंच. राहीन, भाड्याने देईन, दुखण्याला पैसे लागले तर विकेनसुद्धा. आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं जे असेल ते खरं. म्हणजे देण्याची इच्छा दोन्हीत सारखीच आहे. पण एकात आपण रिकाम्या हातानं म्हातारपण काढतो, आणि दुसऱ्यात मुलांना जे द्यायचं ते मिळतंच, फक्त वेळेवर मिळतं.

मग लोक बक्षीसपत्राकडे का धावतात? एक कारण स्वस्ताईचं. महाराष्ट्रात २०१५पासून राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागेल तिथे तो वेगळा. सवलत चांगल्या हेतूनं दिलेली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण "दोनशे रुपयांत होतंय, करून घेऊ" या वाक्यात आई कुठे राहील, तिचं औषधपाणी कोण बघेल, हे कुठेच येत नाही. आणि मैत्रिणींनो, मृत्युपत्राला तर मुद्रांक शुल्क मुळीच लागत नाही. साध्या कोऱ्या कागदावर केलं तरी चालतं!

दुसरं एक सांगते, ते फारसं कोणी बोलत नाही. मुलगा अगदी श्रावणबाळ असला तरी घर त्याच्या नावावर गेलं की त्याची सगळी संकटं त्या घराला चिकटतात. त्यानं धंद्यासाठी कर्ज काढलं, घर तारण ठेवलं आणि धंदा बुडाला, तर बँक घर ताब्यात घेताना आत म्हातारी आई आहे हे बघत नाही. देव न करो, पण मुलगाच आधी गेला, तर घर त्याच्या वारसांत वाटलं जातं. आई हीदेखील त्याची वारस असते, पण अनेकांतली एक. मुलाचं आणि सुनेचं पटलं नाही, कोर्टकचेरी सुरू झाली, तरी ते घर त्या भांडणात ओढलं जातं. यातल्या कुठल्याच गोष्टीत मुलाची नियत खोटी नाही. म्हणून "माझा मुलगा तसा नाही" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तो तसा नाही, हे मला मान्य. पण दिवस कसे येतील ते आपल्या हातात थोडंच आहे?

तरीही काही जणींना जिवंतपणीच द्यायचं असतं. कोणाला मुलाच्या नोकरी-धंद्यासाठी, कोणाला दोन भावांतलं भांडण आपल्या डोळ्यांदेखत मिटवण्यासाठी. द्या ना! पण बक्षीसपत्रात दोन गोष्टी लिहून घ्या. एक, या घरात मला तहहयात राहण्याचा हक्क राहील. दोन, घर घेणारा माझं अन्न, वस्त्र, औषधपाणी आणि सांभाळ करील, या अटीवर हे देत आहे. ही दुसरी ओळ का महत्त्वाची, ते सांगते. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली आला. त्याच्या २३व्या कलमात असं आहे, की सांभाळाच्या अटीवर ज्येष्ठ नागरिकानं मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं किंवा दबावानं झाला असं धरून रद्द करून मागता येतो. पण अट हवी! २०२२ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशी अट होती हे दाखवता आलं नाही तर हे कलम मदतीला येणार नाही. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात याच न्यायालयानं आईच्या बाजूनं निकाल दिला आणि २०१९ सालचं बक्षीसपत्र रद्द केलं. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तेव्हा त्याचा अर्थ उदारपणे लावा, असं न्यायालय म्हणालं. पण तिथेही आईकडे मुलानं त्याच दिवशी सही केलेलं वचनपत्र होतं, हे विसरू नका. तोंडी "आई, तू काळजी करू नको" याला कागद नसतो.

आमच्या त्या काकूंच्या बक्षीसपत्रात अशी ओळ नव्हती. घर परत मिळण्याची वाट अवघड, म्हणून आम्ही निर्वाहासाठी अर्ज केला. अर्ज कुठे करायचा, तर उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, यांच्यापुढच्या न्यायाधिकरणात. वकील लावायला हवाच असं नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अर्ज करायला सांगता येतं. महिना जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठांनाही, ज्या नातेवाइकाकडे त्यांची मालमत्ता आहे किंवा पुढे वारसानं जाणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. कुठे जायचं हेच कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक लावा. काकूंच्या बाबतीत नोटीस घरी आल्यावर मुलगा आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी देवघर खाली आलं. पैशाचंही ठरलं. पण मन दुखायचं ते दुखलंच, दोन्हीकडे. एवढ्यासाठीच म्हणते, ही पाळी येण्याआधीचं बघू.

आता "माझ्या नावावर काहीच नाही" म्हणणाऱ्या मैत्रिणींकडे वळते, कारण त्याच संख्येनं जास्त आहेत. आधी यजमानांशी बोला. रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. तुमच्याकडे शेती असेल तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम गावोगाव नेली, नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमिनी केल्या, आणि १९९२ साली शासनानंही तसं परिपत्रक काढलं. २००३ साली ग्रामपंचायतीच्या दप्तरात घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावण्याचं शासनानं सांगितलं. तुमच्या घराच्या उताऱ्यावर दोन नावं आहेत का, हे आजच जाऊन बघा. निम्म्या जणींना उतारा कधी बघितलेलाच नसतो.

नवरा मृत्युपत्र न करता गेला तर काय होतं? "नवऱ्याचं ते बायकोचं" असं आपण समजतो. तसं नाही हो! हिंदू वारसा कायद्यानं, आणि हा कायदा बौद्ध, जैन, शीख भगिनींनाही लागू आहे, नवऱ्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि नवऱ्याची आई यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे दोन मुलगे, एक मुलगी आणि सासूबाई असतील, तर ज्या घरात चाळीस वर्षं चूल पेटवली त्या घराचा तुमचा वाटा एक पंचमांश. बाकीच्यांनी ठरवलं तर घर विकायची भाषा सुरू होऊ शकते. म्हणून यजमानांनी मृत्युपत्र करून राहतं घर बायकोच्या नावे ठेवणं, ही बायकोच्या म्हातारपणाची खरी तरतूद. त्यातही शब्द स्वच्छ हवेत. "माझ्यानंतर पत्नी, तिच्यानंतर मुलं" असं मोघम लिहिलं की ती मालकीण की नुसती राहणारी, यावरून पुढे वर्षानुवर्षं खटले चालतात. घर पूर्ण मालकीनं तिला द्यायचं असेल तर तसंच लिहा. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र त्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. मुस्लिम भगिनींनी हेही लक्षात ठेवावं, की त्यांच्या कायद्यात मृत्युपत्रानं साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येतं आणि वारसालाच द्यायचं तर बाकी वारसांची संमती लागते.

आणि एक फार नाजूक वेळ असते. तेरावं होतं, पाहुणे अजून घरात असतात, आणि कोणीतरी जाणतं माणूस कागद पुढे करतं. "वहिनी, इथे सही करा, नाव कमी करायचंय, सोपस्कार आहे नुसता." तो कागद बरेचदा हक्कसोडपत्र असतो. बहिणींकडून हक्कसोड घेतात, हे आपल्याला माहीत आहे. दिवाळीत भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर कागदही येतो! पण आईकडूनही घेतात, हे कमी बोललं जातं. वारसनोंद करणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. वारसनोंदीत तुमचं नाव चढतं, ती लवकर करून घ्या. तलाठी कार्यालयात, नाहीतर शहरात घर असेल तर सिटी सर्व्हेच्या कार्यालयात. हक्कसोडीत नाव उतरतं, आणि ते परत चढत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे, वर्षश्राद्ध होईपर्यंत विधवेनं कुठल्याही हक्क सोडण्याच्या कागदावर सही करू नये. घाई कोणाला आहे, ते त्या वर्षात आपोआप कळतं.

ज्यांच्या नावावर स्वतःचं काही आहे, त्यांनी तर मृत्युपत्र करायलाच हवं. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, नर्सबाई, शिवणकाम करून दोन पैसे गाठीला बांधणाऱ्या, सगळ्यांनी. १९५६च्या कायद्यानं बाईची मालमत्ता पूर्णपणे तिची झाली. पण ती मृत्युपत्र न करता गेली आणि मूलबाळ, नवरा मागे नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर, आणि भावाबहिणींचा त्याहून मागे. माहेरच्या आईवडिलांकडून वारसानं आलेलं तेवढं माहेरी परत जातं.

नारायणीदेवी नावाच्या बाईंचा खटला यासाठी मी प्रत्येक बैठकीत सांगते. १९५५ साली लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी जवळ केलं, शिकवलं, बाई नोकरीला लागल्या. चार दशकं स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि १९९६ साली गेल्या. बँकेत पैसे होते, भविष्यनिर्वाह निधी होता. मृत्युपत्र नव्हतं. ज्या आईनं सांभाळलं तिनं अर्ज केला, आणि दुसरीकडून नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनी. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो नवऱ्याकडच्यांच्या बाजूनं. न्यायालयालाही वाईट वाटलं असेल, पण कायदा तसा होता, आणि अजूनही तसाच आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानंच महिलांना, विशेषतः हिंदू महिलांना, मृत्युपत्र करून ठेवा असं आवाहन केलं. नारायणीदेवींनी एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या असत्या, तर तिच्या आईला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

हे माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेला सांगितलं. एकट्या राहतात, मूलबाळ नाही, यजमान जाऊन वीस वर्षं झाली. बहिणीची मुलगी दर शनिवारी एसटीनं येते, आठवड्याची भाजी निवडून ठेवते, औषधं डबीत भरून देते. दिराच्या मुलांना बाईंचं घर कुठल्या गल्लीत आहे, हेदेखील सांगता येणार नाही. बाईंनी मृत्युपत्र केलं. घर भाचीला, दागिन्यांतल्या पाटल्या मोठ्या नणंदेच्या नातीला, कारण त्या मूळ सासूबाईंच्या. ठेवींतले काही पैसे शाळेच्या वाचनालयाला. "आता म्हातारपणाची भीती कमी झाली का?" मी विचारलं. म्हणाल्या, "भीती नाही गं, पण आता ती आली की मला ओझं वाटत नाही. मीही तिला काहीतरी देतेय ना!" हे मला आधी सुचलंच नव्हतं. आपण सगळे त्याला सौदा म्हणून नाकं मुरडतो, पण कोणाची सेवा घेताना आपल्या हातातही काही आहे, यानं म्हातारीची मान ताठ राहते.

मृत्युपत्र करायचं कसं? भाषा मराठी चालते, तुमच्या हातचं असलं तरी चालतं. नाव, वय, पत्ता, तारीख. मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे, हे वाक्य. मग काय काय आहे ते नीट, म्हणजे घराचा सिटी सर्व्हे नंबर, शेताचा गट नंबर, बँकेची खाती, सोनं. कोणाला काय, आणि न लिहिलेलं राहिलेलं सगळं कोणाला, तेही. प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा. दोन साक्षीदार मात्र हवेतच. तुम्ही सही करताना त्यांनी पाहिलेलं असावं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. साक्षीदार आपल्याहून तरुण निवडा (उगाच आपल्या आधी तेच गेले तर!) आणि ज्याला मालमत्ता द्यायची त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. साठी-सत्तरी ओलांडली असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, म्हणजे "आजीला कळतच नव्हतं" असं कोणी म्हणणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी माझा आग्रह आहे की दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून घ्या, खर्च अगदी किरकोळ असतो. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत सल्ला मिळण्याचा हक्क १९८७च्या कायद्यानं दिलेला आहे.

"पण आमच्या खात्याला नॉमिनेशन आहे की!" हे पुढचं वाक्य असतंच. नॉमिनी म्हणजे बहुतेक ठिकाणी फक्त पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, पण ते वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे असतात. सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. आयुर्विम्यात मात्र २०१५च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, आईवडील किंवा मुलांना नॉमिनी केलं तर पैसा त्यांचाच मानला जातो. १ नोव्हेंबर २०२५पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. तेव्हा नॉमिनेशन कराच, पण ते मृत्युपत्राशी जुळतंय ना, एवढं बघा. एक चिठ्ठी पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला, असं नको.

जिवंतपणीची आणखी एक सोय म्हणजे नवरा-बायकोचं जोड खातं, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेल्यानं पैसे काढावेत अशा सूचनेसह. यजमान दवाखान्यात अतिदक्षता विभागात, आणि पैसे त्यांच्या एकट्याच्या खात्यात, हे दृश्य मी फार वेळा पाहिलं आहे. "मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलंय" याच्यावरही फार विसंबू नका. देणाऱ्याची समज पूर्ण गेली की आपल्याकडच्या कायद्यानं ते मुखत्यारपत्र टिकत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ते निकामी होतं. आणि हो, मुखत्यारपत्र देताना नेमके अधिकार लिहा. पेन्शन काढायला दिलेल्या कागदावर घर विकलं जाऊ नये!

दुखण्यात शेवटी नळ्या, यंत्रं किती लावावीत, हेही आधी लिहून ठेवता येतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येतं. यावर प्रत्येकीचं मत वेगळं असणार. पण निदान तो निर्णय आपला आपण घ्यावा. घाबरलेल्या मुलांवर तो टाकू नये.

मुलांना सांगायचं का? मी म्हणते, सांगा. आकडे नका सांगू हवं तर, पण मृत्युपत्र केलंय हे सांगा. एका घरी आईनं दोन्ही मुलगे, सुना, जावई यांना रविवारी बोलावलं, पुरणपोळी केली आणि मग म्हणाली, "माझ्या डोळ्यांदेखत काही कोणाच्या नावावर होणार नाही. नंतरचं लिहून ठेवलंय, मुलीलाही आहे." धाकटा जरा फुरंगटला. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही जन्मानं वाटा आहे, महाराष्ट्रात तर १९९४पासूनच, आणि २०२०मध्ये न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला, हे जावयांनीच नको इतक्या उत्साहानं समजावून सांगितलं. त्यावर थोडी तणातणी झाली. पण ती आईच्या देखत झाली, आणि आईनंच मिटवली. ती गेल्यावर झाली असती तर मिटवायला कोण होतं?

आता घरातली एक जुनी फाईल घ्या. घराचा उतारा, सातबारा, खात्यांची यादी, विमा पॉलिसी, गॅस आणि विजेचं बिल, आधारची झेरॉक्स, पेन्शनचा कागद सगळं एकत्र लावा. यजमानांनी कुठे काय गुंतवलंय ते त्यांच्याकडून लिहवून घ्या, कोणाला उसने दिले असतील तर तेही. ही फाईल कपाटात कुठल्या कप्प्यात आहे, हे दोघा विश्वासाच्या माणसांना सांगून ठेवा. मृत्युपत्राची मूळ प्रत मात्र एकटीच्या नावावरच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुम्ही गेल्यावर तो लॉकर कोणी उघडायचा यासाठी बँक आधी वारसाचे कागद मागेल, आणि ज्या कागदावरून सगळं ठरायचं तो आतच बंद राहील.